ख्रिस्तप्रसाद, दृढीकरण आणि आता कामिनो: मुलांना घेऊन सार्रियाहून चालावं का?

रानजाई

नमस्कार मंडळी,

ईस्टरपासून इकडे फिरकले नव्हते. आधी घरची खबरबात सांगते, मग प्रश्न विचारते; दोन्ही एकमेकांत गुंतलेलं आहे.

उपवासकाळात (ईस्टरआधीच्या दिवसांत) माझे सासरे गेले. अगदी अखेरपर्यंत सकाळच्या मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) पायी जायचे, आणि नातवंडांना चालायची गोडी लावली ती त्यांनीच. घरात ती पोकळी असतानाच ईस्टर आला आणि लगेच धाकट्याचा (वय ९) पहिला ख्रिस्तप्रसाद, म्हणजे चर्चमध्ये पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याचा संस्कार. पांढऱ्या सदऱ्याच्या खिशात त्याने आजोबांची जपमाळ ठेवली होती, हे आम्हाला मिस्सा संपल्यावर कळलं. पुढे पेंटेकॉस्टच्या सणाला थोरलीचं (वय १४) दृढीकरण, म्हणजे श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार, झाला. बिशपांनी कपाळावर तेल लावलं तेव्हा तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती तिची आजी. धर्ममाता म्हणून तिने आजीलाच निवडलं होतं.

मधल्या काळात डोंगरही झाले. चौघं मिळून पहिल्यांदाच तंबूत राहिलो. रात्रभर पाऊस, पहाटे उघडीप, आणि खाली दरीत ढग. तिथेच बसून स्तोत्र १२१ वाचलं. धाकटा अजून ते म्हणून दाखवतो.

आता मुद्दा. दृढीकरणाच्या वर्गात फादरांनी मुलांना प्रेषित याकोबाबद्दल शिकवलं: जब्दीचा मुलगा, योहानाचा भाऊ, बारा जणांत पहिला हुतात्मा, हेरोदाने तलवारीने मारलेला. तेव्हापासून थोरलीने मनाशी धरलंय की त्याच्या कबरीपर्यंत, म्हणजे स्पेनमधल्या सांतियागो दे कोंपोस्तेलापर्यंत चालत जायचं. या पायी यात्रेलाच कामिनो म्हणतात. आणि ते आजोबांसाठी चालायचं. मला तिचं म्हणणं फार मनापासून पटलंय. नवराही तयार आहे. पूर्ण फ्रेंच मार्ग (फ्रान्सकडून येणारी मुख्य वाट, जवळपास ७८० किमी) आमच्या आवाक्यातला नाही, म्हणून शेवटच्या टप्प्याचा विचार चाललाय.

वाचते तिथे सगळे या वाटेवरच्या सार्रिया गावाचं नाव घेतात: तिथून सुमारे ११५ किमी, पाच दिवस. नऊ वर्षांच्या मुलाला ते पाच दिवसांत झेपेल का? त्याला स्वतःच्या नावाचं कॉम्पोस्टेला (यात्रा पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र) मिळतं का, की लहान मुलांना देतच नाहीत? २०२७ हे याकोबाचं पवित्र वर्ष आहे, तर तेव्हाच जावं की गर्दी म्हणून टाळावं? आणि मुख्य म्हणजे वाटेवर प्रार्थनेला, मिस्साला जागा मिळते का? नुसतं अंतर कापून यायचं नाहीये आम्हाला.

ज्यांनी मुलांना घेऊन केलंय त्यांनी सविस्तर लिहा, ही विनंती.

---

पाऊलखूण

रानजाईताई, सासऱ्यांबद्दल वाचून वाईट वाटलं. प्रभू त्यांना चिरशांती देवो.

आम्ही दोघं आणि दोन मुलं (तेव्हा ८ आणि १२) सार्रियापासूनच चाललो होतो. तुमच्या प्रश्नांपैकी अंतराच्या प्रश्नावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण मुलांसोबतचा कामिनो तिथेच घडतो किंवा बिघडतो.

पुस्तकातले पाच टप्पे असे: पोर्तोमारीन २२ किमी, पालास दे रेई २५, आर्थुआ २९, पेद्रोउथो १९, सांतियागो २०. आर्थुआचा २९ किमीचा दिवस नऊ वर्षांच्या पोराच्या माथी मारू नका. रस्ता कठीण नाही, पण त्या दिवशी चढउतार सारखे येत राहतात आणि दुपारनंतर मूल फक्त पाय ओढत राहतं. मग त्याला ना चर्च दिसत ना नदी.

आम्ही हेच अंतर मोडून घेतलं. सार्रियाहून पहिला मुक्काम फेरेइरोसला (सुमारे १३ किमी, शंभर किलोमीटर उरल्याचा दगड तिथून जवळच आहे, मुलं त्याला मिठी मारून फोटो काढतात). दुसऱ्या दिवशी फक्त ९ किमी चालून पोर्तोमारीन. मग व्हेंतास दे नारोन १३, पालास दे रेई १२, मेलीदे १५, रिबादिसो ११, साल्सेदा १४, पेद्रोउथो ९, आणि अखेरचे २०. आकडे थोडेफार इकडेतिकडे धरा. दहा-बारा किमी म्हणजे सकाळी आठला निघालं तरी जेवणाच्या वेळेला पोहोचता, आणि उरलेला सगळा दिवस गावाचा, चर्चचा, खेळण्याचा. उन्हाळ्यात तिथे रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे दिवस फार मोठा मिळतो.

पोर्तोमारीनला लवकर पोहोचण्याचं कारण सांगतो. १९६३ साली मिन्यो नदीवर बेलेसारचं धरण झालं आणि जुनं गाव पाण्याखाली गेलं. त्याआधी तिथलं किल्ल्यासारखं दणकट चर्च दगड दगड सुटा करून वर टेकडीवर पुन्हा उभारलं. जुळवताना घोळ होऊ नये म्हणून दगडांवर घातलेले आकडे आजही दिसतात. आमची मुलं ते शोधत भिंतीभोवती फिरत होती. मी त्यांना म्हटलं, लोकांनी घरं सोडली पण देऊळघर बरोबर नेलं. तेवढं त्यांना पुरलं.

दुसरी जागा फुरेलोस. मेलीदेच्या अगदी अलीकडे जुना कमानीचा पूल ओलांडला की संत योहानाचं छोटं चर्च लागतं. आत क्रुसावरच्या ख्रिस्ताचा उजवा हात खिळ्यातून सुटून खाली आलेला आहे, जणू समोरच्याला हात देतोय. पुष्कळ यात्रेकरू मेलीदेच्या ऑक्टोपसच्या जेवणाच्या ओढीने न थांबता पुढे जातात. तुम्ही थांबा. चर्च उघडं असेल तर मुलांना आधी काही सांगू नका, आत नेऊन नुसतं उभं करा. माझी मुलगी कितीतरी वेळ हलली नाही, आणि बाहेर आल्यावर तिने विचारलं की तो हात माझ्यासाठी आहे का. त्या प्रश्नासाठी मी हजार किमीही चाललो असतो.

रिबादिसोला इसो नदीकाठी जुन्या काळचं यात्रेकरूंचं रुग्णालय आहे, आता तिथे आल्बेर्गे, म्हणजे यात्रेकरूंची धर्मशाळा चालते. हिरवळ थेट पाण्यापर्यंत उतरते. मुलांचे पाय पाण्यात, आपलेही.

कॉम्पोस्टेलाचं उत्तर तुमच्या धाकट्याच्या बाजूचं आहे. ज्या मुलाने ख्रिस्तप्रसाद घेतलाय किंवा ज्याला या यात्रेचा आध्यात्मिक अर्थ कळतो, त्याला त्याच्या नावाचं कॉम्पोस्टेला मिळतं. अगदीच लहानांना वेगळं प्रमाणपत्र देतात. म्हणजे वसंतातला तो पहिला ख्रिस्तप्रसाद इथेही कामी येणार! पायी किमान १०० किमी व्हायला हवेत आणि क्रेदेन्सियालवर, म्हणजे यात्रेकरूच्या पारपत्रावर, रोज किमान दोन शिक्के. शिक्के चर्चमध्ये, आल्बेर्गेत, कॉफीच्या दुकानात, कुठेही मिळतात. प्रत्येक मुलाला स्वतंत्र क्रेदेन्सियाल द्या आणि ते त्याच्याच खिशात राहू द्या. शिक्क्यासाठी मुलं पुढचा किलोमीटर आपणहून चालतात. सार्रियात मागदालेना मठात क्रेदेन्सियाल मिळतं.

सरकारी आल्बेर्गेत आधी जागा राखता येत नाही, जो आधी येईल त्याला खाट. मुलं असतील तर खासगी ठिकाणी चौघांची खोली आधीच धरून ठेवा. एक मोठी पिशवी रोज पुढच्या मुक्कामी पाठवण्याची सोय तिथल्या टपाल खात्यासकट बऱ्याच जणांकडे आहे. मुलांच्या पाठीवर पाणी, पावसाचं जाकीट आणि एक आवडीची वस्तू, बस.

गालिसियात (सांतियागो ज्या प्रांतात आहे तिथे) पाऊस कधीही येतो. तुमचं तंबूचं प्रकरण वाचून वाटलं, तुम्हाला त्याची भीती नाही.

---

सागरगोटा

पाऊलखूण यांनी सार्रियाचं छान लिहिलंय, पण ताई, मी तुम्हाला दुसरीकडे वळवायचा प्रयत्न करणार आहे. सार्रिया ही सगळ्यात गजबजलेली सुरुवात. २०२४ मध्ये जवळपास ५ लाख यात्रेकरूंनी कॉम्पोस्टेला घेतलं आणि त्यातला मोठा वाटा सार्रियाहून निघालेल्यांचा असतो. तुम्ही शांतपणे प्रार्थना करत चालायचं म्हणताय, तर पोर्तुगीज मार्गाचा विचार करा.

स्पेनच्या सीमेवरच्या तुईहून सांतियागो ११५ ते १२० किमी. पोंतेव्हेद्रा सोडल्यावर एक फाटा फुटतो, त्याला 'वारियांते एस्पिरितुआल' (आध्यात्मिक फाटा) म्हणतात. तो घ्या. पहिल्या दिवशी कोंबारो नावाचं कोळ्यांचं गाव लागतं, धान्याची दगडी कोठारं थेट समुद्राकाठी उभी. तिथून चढ आहे, चांगला दमवणारा, आणि वर आर्मेंतेइराचा सिस्टर्शियन मठ. तिथल्या एरो नावाच्या मठाधिपतीची कथा मुलांना आदल्या रात्री सांगा: स्वर्ग कसा असतो ते दाखव म्हणून त्याने प्रार्थना केली, रानात एका पक्ष्याचं गाणं ऐकत बसला, आणि परतला तेव्हा तीनशे वर्षं उलटली होती. आता तिथे सिस्टर्स राहतात. त्यांच्या सायंप्रार्थनेला यात्रेकरूंना बसता येतं. मी तिथे बसले होते, आणि मला स्पॅनिशचा एक शब्द येत नसताना स्तोत्र कुठे सुरू झालं, कुठे संपलं ते कळत होतं.

दुसऱ्या दिवशीची वाट ओढ्याच्या कडेने उतरते, दोन्ही बाजूंना पाणचक्क्यांचे अवशेष. आणि मग मुलांसाठी सगळ्यात मोठी गोष्ट: व्हिलानोव्हा दे आरोसाहून होडी. परंपरा सांगते की याकोबाचा देह त्याचे शिष्य होडीतून याच खाडीने वर घेऊन आले. वाटेत बेटांवर आणि काठावर दगडी क्रूस उभे आहेत, होडीवाले तिथे वेग कमी करतात. होडी भरतीच्या वेळेवर सुटते, त्यामुळे तिची वेळ आधी विचारून मगच त्या दिवसाची आखणी करा. उतरलात की पाद्रोन. तिथल्या चर्चमध्ये वेदीखाली तो दगड आहे, ज्याला ती होडी बांधली होती असं मानतात. तिथून सांतियागो २५ किमी, त्याचे दोन दिवस करा.

होडीचं अंतर धरलं नाही तरी पायी १०० किमी भरतात, तेव्हा कॉम्पोस्टेलाची चिंता नको.

---

धूपदाणी

दोन्ही वाटा सुंदर आहेत, मी पोहोचल्यानंतरचं लिहिते.

२०२७ बद्दल: २५ जुलै, याकोबाचा सण, रविवारी येतो ते वर्ष पवित्र वर्ष. मागचं २०२१ चं होतं, ते महामारीमुळे २०२२ मध्येही चालू ठेवलं. ३१ डिसेंबर २०२६ ला कॅथेड्रलचं पवित्र दार उघडेल आणि वर्षभर उघडं राहील. एरवी ते बंद असतं. पूर्ण दंडमुक्तीसाठी (पापांच्या शिक्षेतून पूर्ण माफीसाठी) त्या वर्षी जगभरातून लोक येतात. माझं मत विचाराल तर २०२७ मध्ये जाच, फक्त जुलैचा दुसरा पंधरवडा आणि ऑगस्ट सोडून. मुलांच्या शाळेचं जमत असेल तर मेचा शेवट किंवा सप्टेंबर. थोरलीने दृढीकरणानंतर जे ठरवलंय त्याला त्या दारातून आत जाण्याइतकी साजेशी गोष्ट दुसरी कुठली असणार?

पोहोचायच्या दिवशी पेद्रोउथोहून २० किमी एका दमात नको, असं मला वाटतं. मोंते दो गोथोला थांबा, तिथून शहर पाचेक किमीच उरतं. याच टेकडीवरून पूर्वीच्या यात्रेकरूंना कॅथेड्रलचे मनोरे पहिल्यांदा दिसायचे. १९८९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी जागतिक युवा दिन साजरा केला तो इथेच. तिथे रात्र काढली की सकाळी ताजेतवाने उतरता आणि दुपारी बाराच्या यात्रेकरूंच्या मिस्साला वेळेत पोहोचता. पाठपिशव्या कॅथेड्रलमध्ये नेऊ देत नाहीत, आधी सामानघरात ठेवा. आणि लवकर जा, बसायला जागा मिळत नाही.

बोताफुमेइरोबद्दल मुलांना आधीच नीट सांगून ठेवा. दीड मीटर उंचीचं ते धूपपात्र, आठ माणसं दोर ओढून छतापर्यंत झुलवतात. आताचं १८५१ सालचं आहे. ते रोज झुलत नाही. ईस्टर, स्वर्गारोहण, पेंटेकॉस्ट, २५ जुलै, १५ ऑगस्ट, सर्व संतांचा सण, नाताळ अशा मोठ्या दिवशी, किंवा कुणी त्यासाठी देणगी दिली असेल तर. आमच्या शेजारी बसलेलं एक लहान मूल ते झुललं नाही म्हणून अख्ख्या मिस्साभर हिरमुसलेलं होतं. तुमच्या धाकट्याचं तसं होऊ नये.

मिस्सानंतर वेदीमागच्या जिन्याने वर जाऊन याकोबाच्या पुतळ्याला मागून मिठी मारायची आणि मग खाली तळघरात त्याच्या कबरीच्या चांदीच्या पेटीपुढे गुडघे टेकायचे, ही यात्रेकरूंची रीत. घाई करू नका तिथे. तुमच्या मुलीला आजोबांसाठी जे बोलायचंय ते तिथे बोलू द्या.

---

रानजाई

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. रात्री जेवताना सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. फुरेलोसच्या हाताबद्दल ऐकून थोरली गप्प झाली, आणि धाकट्याला होडी हवीये. घरात दोन पक्ष पडलेत!

नवरा आणि मी मात्र सार्रियाकडे झुकतोय, ते सासूबाईंमुळे. त्यांनी काल संध्याकाळी रोझरी संपल्यावर सांगितलं की मीही येणार. वय ६८, प्रकृती ठणठणीत आहे, पण गुडघा रोज बारा किमीला साथ देणार नाही. त्या चार-पाच किमी आनंदाने चालतील. खेड्यांतून टॅक्सी मिळते का? आणि पूर्ण १०० किमी न चालल्यामुळे त्यांना कॉम्पोस्टेला मिळणार नाही, बरोबर ना? त्यांना त्याचं काही नाही, पण थोरलीला ते खटकतंय. शिवाय आजोबांसाठी चालली हे कुठे लिहून मिळतं का, असं ती विचारत होती.

---

पाऊलखूण

आजी येतायत हे वाचून फार बरं वाटलं. सार्रियाच घ्या मग. त्या वाटेवर गावं दाट आहेत, जवळजवळ प्रत्येक आल्बेर्गेच्या आणि कॉफीच्या दुकानाच्या दारावर टॅक्सीचा नंबर लावलेला असतो. सकाळी त्यांनी तुमच्यासोबत पहिल्या थांब्यापर्यंत चालायचं, तिथे शिक्का घ्यायचा आणि पुढच्या गावी टॅक्सीने जाऊन चर्चमध्ये किंवा चौकात बसायचं. पोर्तोमारीन, पालास, मेलीदे, आर्थुआ या चारही ठिकाणी बसायला, खायला, वेळ काढायला भरपूर आहे. संध्याकाळच्या मिस्साची वेळ चर्चच्या दारावर लिहिलेली असते. ती आजींनीच बघून ठेवायची आणि तुम्हाला सांगायची, म्हणजे तुमचा दिवसाचा कार्यक्रमच त्यांच्या हाती राहील.

कॉम्पोस्टेला त्यांना मिळणार नाही, तो नियम सगळ्यांना सारखा आहे. पण क्रेदेन्सियाल त्यांच्या नावाचं काढाच. शिक्के त्यांच्याही पानांवर पडू देत, आणि शेवटचा शिक्का सांतियागोचा.

थोरलीच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आहे. मृत व्यक्तीसाठी किंवा आजारपणामुळे चालू न शकणाऱ्यासाठी यात्रा केली असेल तर कॉम्पोस्टेलावर चालणाऱ्याच्या नावासोबत 'विकारिए प्रो' (म्हणजे 'च्या वतीने') असं लिहून त्या व्यक्तीचं नाव घालतात. माझ्या पत्नीने तिच्या वडिलांसाठी तसं घेतलंय. कॅथेड्रलजवळ रुआ कार्रेतासवर यात्रेकरू कार्यालय आहे. तिथे आधी मोबाइलवरून नोंदणी करायची असते, मग रांगेचा क्रमांक मिळतो. कॉम्पोस्टेलाला पैसे पडत नाहीत, अंतराचा वेगळा दाखला हवा असेल तर त्याचे ३ युरो. खिडकीशी गेल्यावर तिथल्या माणसाने लिहायला घेण्याआधीच थोरलीने आजोबांचं नाव सांगावं, आणि ते रोमन लिपीत स्वच्छ अक्षरात एका कागदावर लिहून न्यावं.